येस म्हणू की नो?

रात्रीचे साडेअकरा. भंडाऱ्यात खांब तलावाजवळच्या गल्लीत चिडीचूप. मामाच्या घरी वरच्या खोलीत माझा मामेभाऊ लॅपटॉपसमोर बसलाय. बसलाय म्हणजे अगदी नुसता बसलाय. एक हात डोक्यामागे, मांडीवर भाजलेल्या शेंगदाण्यांची ताटली. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आपली आपण उमटताहेत. युझरनेम? कोणीतरी टाइप करतंय. पासवर्ड? तोही गेला. फाइलचं नाव काय ठेवू? हे घे नाव. कीबोर्डला मात्र कुणाचं बोटही लागलेलं नाही.

‘कोण टाइप करतंय रे हे?’ मी विचारलं.

‘मीच, ताई,’ शेंगदाणा तोंडात टाकत तो म्हणाला, ‘म्हणजे माझ्या वतीनं.’

मी त्या वीकएंडला नागपूरहून भंडाऱ्याला आले होते ती फक्त झोपायला. पण या उत्तरानं माझी झोप उडाली. आपण सगळेच दिवसभर मशीनच्या प्रश्नांना उत्तरं देत असतो, नाही का? मराठीसाठी एक दाबा. नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश. आर यू शुअर? हो बाबा, शुअर. यातले किती प्रश्न आपण खरंच वाचतो? आणि इथे आमच्या घरच्याच एका पोरानं उत्तरं द्यायलाच माणूस ठेवला होता. तोही बिनपगारी.

चाळीस राउटर, एक माणूस

भाऊ नेटवर्क सपोर्टमध्ये आहे. ऑफिस नागपुरात, पण 2020 नंतर घरून काम सुरू झालं ते त्याच्या टीमपुरतं सुरूच राहिलं. एका फायनान्स कंपनीच्या छोट्या छोट्या शाखा पूर्व विदर्भभर पसरल्या आहेत. प्रत्येक शाखेत एक राउटर. रोज रात्री त्या चाळीस राउटरमध्ये एकेक करून शिरायचं, त्यातल्या सेटिंगची कॉपी काढून सर्व्हरवर ठेवायची आणि बाहेर यायचं. एवढंच काम.

एवढंच, पण एका राउटरला चार मिनिटं. चाळीस चोक एकशे साठ. म्हणजे रोजचे दोन तास चाळीस मिनिटं तेच तेच टाइप करण्यात. राउटरही असा की एका दमात सगळं ऐकून घेणार नाही. कॉपी कर म्हटलं की आधी विचारणार, समोरच्या मशीनचा पत्ता काय? तो दिला की विचारणार, तिकडे फाइलचं नाव काय ठेवू? सरकारी खिडकीवरच्या बाबूसारखं. सगळे कागद एकदम दिले तरी तो एकेकच मागणार.

‘मग सगळ्या कमांड एका फाइलमध्ये लिहून दे की त्याला,’ मी आपलं शहाणपण पाजळलं. मास कॉमच्या सेकंड इयरला कॉम्प्युटरचा एक पेपर होता, त्या बळावर.

भाऊ हसला. गोम इथेच आहे म्हणाला. उत्तरांची यादी आधीच ओतून चालत नाही, कारण समोरचा प्रोग्राम अजून प्रश्नापर्यंत आलेलाच नसतो. शिवाय काही प्रोग्राम मुद्दाम हट्टी बनवलेले असतात. पासवर्ड विचारणारा प्रोग्राम फाइलमधून आलेलं उत्तर घेतच नाही. तो थेट टर्मिनलकडे, म्हणजे माणसाच्या कीबोर्डकडे कान लावून बसतो. त्याला वाटलं पाहिजे की समोर माणूसच आहे. आणि तसं वाटायला लावणारं एक सॉफ्टवेअर पस्तीसेक वर्षांपासून जगात आहे. त्याचं नाव एक्स्पेक्ट.

वॉशिंग्टनजवळचा एक वैतागलेला माणूस

एक्स्पेक्ट लिहिलं डॉन लाइब्स यांनी. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेत ते काम करायचे. वजनं, मापं, घड्याळं, अशा सगळ्यांची प्रमाणं ठरवणारी ही संस्था. कल्पना डोक्यात आली 1987 मध्ये. पण ती लिहायला सोयीची भाषा सापडली नाही, म्हणून राहून गेली. तिकडे कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी टिकल नावाची छोटीशी स्क्रिप्टिंग भाषा तयार केली. 1990 च्या जानेवारीत त्यांनी ती एका परिषदेत मांडली, आणि लाइब्स यांनी चार महिन्यांत आपलं काम उरकलं. त्याच उन्हाळ्यात त्यांचा स्वतःचा पेपर आला. पेपरच्या नावाचा मथितार्थ काय, तर प्रोग्रामना येणारे ‘प्रश्न विचारण्याचे झटके’ कसे बरे करायचे! सरकारी माणसाकडे इतका ह्यूमर असतो हे वाचून मला बरं वाटलं. आणि सरकारी नोकरीत लिहिलेलं म्हणून एक्स्पेक्ट सगळ्यांना फुकट. आजही.

त्याचा सगळा फंडा तीन शब्दांत आहे. स्पॉन, एक्स्पेक्ट, सेंड. स्पॉन म्हणजे समोरचा प्रोग्राम सुरू कर. एक्स्पेक्ट म्हणजे अमुक शब्द दिसेपर्यंत थांब. सेंड म्हणजे हे टाइप कर. ‘पासवर्ड’ हा शब्द दिसेपर्यंत थांब, दिसला की पासवर्ड पाठव. मग ‘फाइलचं नाव’ दिसेपर्यंत थांब, ते पाठव. मधे एक नकली टर्मिनल असतं, त्यामुळे प्रोग्रामला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही की पलीकडे माणूस नाही. त्यात तर एक सोय अशीही आहे की अक्षरं माणसासारखी अडखळत टाइप होतात. म्हणजे शब्दाच्या शेवटी जरा जास्त थांबायचं, मधेच वेग वाढवायचा. कोणाला फसवायला लागतं हे, देव जाणे.

लाइब्स यांनी दिलेल्या उदाहरणांत माझं सगळ्यात लाडकं आहे ते रोग या जुन्या गेमचं. त्यात सुरुवातीला तुमच्या हिरोची ताकद बहुतेक वेळा 16 येते, कधीतरी नशिबानं 18. यांची स्क्रिप्ट काय करते? गेम सुरू करते, ताकद बघते, 16 असेल तर गेम टाकून देते, पुन्हा नवा सुरू करते. 18 आली की थांबते आणि म्हणते, घ्या साहेब, आता तुम्ही खेळा. सरकारी पगारावर!

त्या मानानं भावाची स्क्रिप्ट साधी. त्यानं ती पायथनमध्ये लिहिली. एक्स्पेक्टची कल्पना पायथनमध्ये आणणारी पीएक्स्पेक्ट नावाची लायब्ररी आहे, नोआ स्परियर यांनी सुरू केलेली. दोन रविवार गेले. सोमवारी रात्री चाळीस राउटरचं काम बारा मिनिटांत संपलं. उरलेल्या अडीच तासांचं काय करायचं हे त्याला पहिले दोन दिवस कळेचना, मग तो झोपायला लागला.

ऑफिसमध्ये सांगितलं? छे. ‘सांगितलं असतं तं त्याहीनं आणखी चाळीस राउटर देल्ले असते,’ हे त्याचं उत्तर. तुमच्यापैकी ज्यांनी एक्सेलमध्ये गुपचूप मॅक्रो लिहून ठेवलाय, त्यांनी उगाच हसू नये.

साकोलीची पहाट

मग आला 2023 चा डिसेंबर. राउटरवर नवीन सॉफ्टवेअर चढवायचं होतं. ते चढवलं की राउटर रीस्टार्ट करावा लागतो. रीस्टार्ट म्हटलं की राउटर एकच प्रश्न विचारतो, करू ना? एंटर मारायचं, झालं. भावानं तेवढंच स्क्रिप्टमध्ये घातलं. वर एक खबरदारी म्हणून लिहून ठेवलं की येस-नो असा कुठलाही अनोळखी प्रश्न आला तर ‘नो’ पाठव. कारण त्याला कोणीतरी शिकवलं होतं, डोळे झाकून येस म्हणू नये. नो म्हणणं सेफ.

पहिले अकरा राउटर व्यवस्थित. बारावा साकोलीचा. त्यानं मधेच एक जादा प्रश्न विचारला. ‘सेटिंगमध्ये बदल झालेले आहेत, सेव्ह करू का? येस की नो?’

स्क्रिप्ट म्हणाली, नो.

झालं असं होतं की काही महिन्यांपूर्वी साकोलीच्या शाखेची इंटरनेटची लाइन बदलली होती. तेव्हा कोणीतरी राउटरमध्ये नवे पत्ते टाकले आणि सेव्ह करायला विसरला. राउटर बंदच झाला नव्हता, त्यामुळे ते चालून गेलं. आता रीस्टार्ट झाल्यावर राउटर जुन्या लाइनचे पत्ते घेऊन उठला, आणि जगाशी त्याचा संपर्क संपला. लांबून काही करता येईना. सकाळी साडेनऊला शाखा उघडणार.

पहाटे चार वाजता भाऊ मफलर गुंडाळून बाइकवर निघाला. डिसेंबरातला नॅशनल हायवे, दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेतं, धुकं असं की समोरच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा. लाखनीला एका टपरीवर चहा घेतला तेव्हा ग्लास धरायला बोटं वळत नव्हती म्हणे. वॉचमनकडून शाखा उघडून घेतली, निळी कन्सोल केबल थेट राउटरला लावली. आणि नवे पत्ते? ते कुठून आणायचे? तर ते सापडले आदल्या रात्रीच्या कॉपीत. त्याच्याच स्क्रिप्टनं रोजच्यासारखी काढून ठेवलेली कॉपी. मोबाइलच्या नेटवरून ती उतरवली, परत राउटरमध्ये भरली आणि या वेळी स्वतःच्या हातानं सेव्ह केलं. साडेसातला शाखा ऑनलाइन.

आता गंमत ऐका. हे सगळं डॉन लाइब्स यांनी त्या 1990 च्या पेपरमध्येच लिहून ठेवलंय. राउटरचं नाही, एफएससीके नावाच्या प्रोग्रामचं. हा युनिक्सचा जुना प्रोग्राम. हार्ड डिस्कवरच्या फाइलींची मोडतोड झाली की तो तपासतो आणि पावलापावलाला विचारतो, ही फाइल बेवारस दिसतेय, काढून टाकू? इथे गडबड आहे, दुरुस्त करू? कंटाळलेल्या लोकांसाठी त्यात दोन शॉर्टकट. एक, सगळ्याला हो. दुसरा, सगळ्याला नाही. मधलं काही नाही. लाइब्स यांच्या स्क्रिप्टनं ते मधलं आणलं. पहिल्या प्रकारचा प्रश्न आला तर हो. दुसऱ्या प्रकारचा आला तर नाही. तिसरा, ओळखीचा नसलेला कुठलाही प्रश्न आला, तर उत्तर देऊच नको, कीबोर्ड माणसाच्या ताब्यात दे. एक्स्पेक्टमध्ये त्यासाठी वेगळी कमांडच आहे, इंटरॅक्ट. माणूस त्या प्रश्नाचं काय ते बघेल, आणि मग स्क्रिप्ट पुढे चालू.

भावानं इंटरॅक्टबद्दल वाचलं होतं. पण रात्री झोपेतून उठावं लागेल म्हणून घातलं नव्हतं!

मामाचा एक डोळा

हा सगळा किस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर तर्री ओतता ओतता चालला होता. मामा पेपर वाचत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

मामांची ओळख करून द्यायला हवी. रिटायर्ड शिक्षक. मूळ गाव लाखांदूर तालुक्यातलं. तिथून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या लोकांना ही रंगभूमी नव्यानं कळली, पण इथे ती पोरासोरांच्या अंगात आहे. मामांनी स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाही. ते गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून नटाला ओळ पुरवायची. वीस-बावीस वर्षं.

‘म्हणजे तू प्रॉम्प्टर झाला म्हण नं,’ पेपर खाली घेत मामा म्हणाले.

‘उलटं हाय बाबा. प्रॉम्प्ट थो राउटर देते. स्क्रिप्ट निरा डायलॉग म्हणते.’

‘मंग चूक तिथंच झाली नं. पुस्तकात मुंडकं घालून वाचणारा प्रॉम्प्टर नाटक पाडते. नटानं दोन पानं गाळली, अन् हा आपला मांगचंच वाचून राहिला. एक डोळा स्टेजवर पाहिजे लेका.’

मी घाईघाईनं हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं. भाऊ मात्र गप्प. कारण त्याच्या स्क्रिप्टमध्ये डोळाच नव्हता.

खरं तर एक्स्पेक्टमध्येही हा खड्डा आहे. ‘थांब’ म्हटल्यावर ते जन्मभर थांबत नाही, सांगितलं नसेल तर दहा सेकंद थांबतं. तेवढ्यात अपेक्षित शब्द आला नाही आणि तशा वेळी काय करायचं हे तुम्ही लिहिलं नसेल, तर ते चक्क पुढच्या ओळीवर जातं. म्हणजे स्लो लाइनवर पासवर्डचा प्रश्न यायचाच असतो आणि हे इकडे पासवर्ड टाइप करून मोकळं! तो उघडा स्क्रीनवर, तिथून लॉग फाइलमध्ये. पीएक्स्पेक्ट या बाबतीत जरा बरी. वाट बघून थकली की ती एरर देऊन ओरडते. भावाचं म्हणणं, ओरडणारी स्क्रिप्ट परवडली.

तिघांचे दोघे

साकोलीचं प्रकरण अर्थातच ऑफिसपर्यंत गेलं. बारा राउटर वीस मिनिटांत कसे झाले, असं साहेबांनी विचारलं तेव्हा भावानं खरं सांगून टाकलं. वाटलं होतं, नोकरी गेली. तसं काही झालं नाही. साहेबांनी स्क्रिप्ट मागून घेतली, सीनियरकडून तपासून घेतली, अनोळखी प्रश्नाला थांबायची सोय घातली आणि ती टीमची अधिकृत स्क्रिप्ट झाली. भावाला ‘गुड इनिशिएटिव्ह’ असा एक मेल आला. सगळ्यांना कॉपी करून.

रात्रीच्या शिफ्टला तिघं होते. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झाली ती दोघांची. तिसरा तुमसरचा, भावाच्याच कॉलेजचा. एकाच बाइकवर दोघं इंटरव्ह्यूला गेले होते.

हे सांगताना भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. ‘मी झोपेसाठी लिहिली होती ताई, स्क्रिप्ट,’ एवढंच म्हणाला. मी काय बोलणार? ‘तू नसती लिहिली तर दुसऱ्या कोणी लिहिली असती,’ हे वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं. ते खरंही आहे. आता तर एखाद्या एआय चॅटबॉटला दोन ओळींत सांगितलं की अशी स्क्रिप्ट तो अर्ध्या मिनिटात लिहून देतो. नेटवर्कवाल्यांसाठी नेटमिको, अँसिबल अशी तयार हत्यारं कधीपासून आहेत. पण दुसऱ्या कोणी लिहिली असती म्हणजे तुमसरच्या पोराची शिफ्ट वाचली असती असंही नाही, आणि भावाला बरं वाटलं असतं असंही नाही. म्हणून मी शेंगदाण्यांची ताटली त्याच्याकडे सरकवली.

तो मित्र आता पुण्यात आहे. हिंजवडीत, पुन्हा सपोर्टमध्येच. तिथे गेल्यावर दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, म्हणे तुझी ती स्क्रिप्ट पाठव. भावानं पाठवली. पासवर्ड काढून.

हो, हे पासवर्डचं तुम्हीही लक्षात ठेवा. करून बघायचं असेल तर मॅकवर एक्स्पेक्ट आधीपासूनच असतं, लिनक्सवर एका कमांडमध्ये उतरवता येतं, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल चालू करावं. सोबत ऑटोएक्स्पेक्ट नावाचं खेळणं येतं. तुम्ही एकदा हातानं टाइप करा, ते बघून स्क्रिप्ट आपणच लिहून देतं. दिसलेलं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं त्यात येतं, अगदी त्या दिवशीची तारीखसुद्धा, त्यामुळे नंतर कात्री लावावी लागते. आणि पासवर्ड कधी स्क्रिप्टमध्ये लिहू नका. जिथे एसएसएच की चालते तिथे ती वापरा. भावानं सुरुवातीला पासवर्ड फाइलमध्ये उघडा लिहिला होता. सीनियरनं सगळ्यात आधी झापलं ते यावरून, साकोलीवरून नव्हे.

मंडईची रात्र

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे मामांच्या गावी मंडईला गेलो. भाऊबीज उलटून गेलेली, थंडी पडायला लागलेली. नाटक दहाला सुरू होणार होतं, ते साडेअकराला झालं. मामा पुन्हा विंगेत. गुडघे दुखतात म्हणून या वर्षी स्टूल दिलं होतं. हातात वही, चष्मा नाकावर. मी मुद्दाम कडेला बसून बघत होते. मामा वहीत कमी आणि स्टेजवर जास्त बघत होते. दुसऱ्या अंकात खलनायक एक अख्खा प्रवेश विसरून पुढच्या प्रवेशाची ओळ बोलला, तेव्हा मामांनी चार पानं उलटली, हिरॉइनला तिथलीच ओळ दिली, आणि पब्लिकला काही कळलं नाही.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. स्क्रिप्टचा मेसेज. आता ती अडली की स्क्रीनवर जे काही दिसतंय ते जसंच्या तसं त्याच्या फोनवर पाठवते आणि तिथेच थांबून राहते. तो उठून कनातीमागे गेला. जनरेटरच्या आवाजात, एका हातानं कान झाकून, सीनियरशी दोन मिनिटं बोलला. परत येऊन विंगेजवळ टेकला.

अंक पडला तसे मामा स्टुलावरून वळले. ‘काय विचारून राहिला होता?’

‘त्या नावाची फाइल आधीच हाय म्हणे. तिच्यावरच लिहू का?’

‘मंग?’

‘थांब म्हटलं. सकाळी पाहू.’

मामांनी वहीत बोट घालून पान धरून ठेवलं आणि चहावाल्याला हाक मारली.